तिरळ्या डोळ्यांचे आठ सेकंद

४ सप्टेंबर, सकाळी ९

आजपासून रोजनिशी. कारणं दोन. एक, मी गेल्यावर कुणीतरी माझं चरित्र लिहील, त्या बिचाऱ्याला काहीतरी सामग्री हवी. दोन, काल प्रयोगात एक गोष्ट घडली आणि ती सांगण्यासारखा विश्वासू माणूस आसपास नाही. वही स्वेटरांच्या खाली ठेवणार. स्वेटरांना हात लावायचा नाही असं हिला बजावलंय. ही म्हणाली, मी कशाला लावू, तुम्ही ते धुवायलासुद्धा देत नाही.

आता मुद्दा. आमचं विनोदी नाटक चौदा वर्षं चालू आहे. मी त्यात नोकर. दुसऱ्या अंकात घरी पाहुणा येतो, कप हातात घेऊन सोफ्यावर बसतो. मी किटलीतून चहा ओततो आणि ओतताना डोळे तिरळे करतो. आठ सेकंद. नाटक तेवढ्यावर उभं आहे. बाकीचे दोन तास लोक त्या आठ सेकंदांची वाट बघत बसतात.

तर काल मी डोळे तिरळे केले पहिल्या सेकंदाला. हशा आला तिसऱ्या सेकंदाला.

मधले दोन सेकंद लोक काय करत होते?

५ सप्टेंबर

ही म्हणाली, लोकांना कळायला वेळ लागत असेल. मी म्हटलं, चौदा वर्षं? ही म्हणाली, अहो, रोज वेगळे लोक असतात. मला पटलं नाही. पाणी कुठंतरी मुरतंय.

७ सप्टेंबर, दुपारी

शास्त्रीय विचार केला. डोळे तिरळे केले की मला सगळं दुहेरी दिसतं. दोन किटल्या, दोन कप, दोन पाहुणे, सगळे धुक्यात. चौदा वर्षांच्या रियाजाने मी यावर मात केली आहे. दोन कपांच्या बरोबर मधोमध ओतायचं. आजवर एक थेंब बाहेर पडलेला नाही. हे गुपित कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

पण म्हणजे असं झालं की भरल्या थिएटरात त्या आठ सेकंदांत स्टेजवर काय चाललंय हे ज्याला दिसत नाही असा माणूस एकच. मी. कुणाला काही डाव साधायचा असेल तर याहून चांगली वेळ कुठली?

स्टेजवर तेव्हा माझ्याशिवाय एकच असतो, पाहुणा. नाटकात तो पाहुणा, म्हणून सगळे त्याला पाहुणाच म्हणतात. त्याची बायकोसुद्धा फोनवर विचारते, पाहुणा आहे का तिथे. चौदा वर्षं तोच. दौऱ्यावर आम्ही एका खोलीत राहतो, साबण एकच वापरतो. गरीब गाय आहे. गायीवर कुणी लक्ष ठेवत नाही, तिचं तेच फावतं.

निश्चय: पुराव्याशिवाय संशय घ्यायचा नाही.

८ सप्टेंबर

पुरावा शोधायला सुरुवात.

१० सप्टेंबर

प्रॉपर्टीवाल्याला गाठलं. काटकुळा आहे म्हणून सगळे त्याला खिळा म्हणतात. कप, किटली, किटलीतलं तपकिरी थंड पाणी, सगळं तोच बघतो आणि माझ्या आठ सेकंदांत विंगेत उभा असतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, काय रे, मी ओतत असताना पाहुणा काय करतो? खिळा ट्रंकेवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. म्हणाला, दादा, तुम्ही पण ना! मग म्हणाला, स्टेजवरही तुम्ही अगदी असाच भोळा चेहरा करता, म्हणून तर मजा येते.

तोही सामील आहे.

१३ सप्टेंबर

हिच्या धाकट्या भावाला पास देऊन शेवटच्या रांगेत बसवलं. सांगितलं, माझ्याकडे बघायचं नाही. अवघड आहे, पण प्रयत्न कर. पाहुण्याकडे बघ आणि काय दिसतं ते लिहून आण. मेहुणा पोस्टात आहे, नोंदी ठेवायची सवय असेल असं वाटलं.

नाटक सुटल्यावर म्हणाला, भावोजी, कप फार छान. लिहिलेला कागद मागितला. कागदावर लिहिलं होतं, कप फार छान.

डोळे कसे वाटले, विचारलं. म्हणाला, कुणाचे?

माझे, म्हटलं. तिरळे. म्हणाला, तिथून काही डोळे दिसत नाहीत भावोजी, तोंड आहे एवढं कळतं. मग घाईघाईने म्हणाला, पण तोंड छान दिसत होतं.

याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. हिला सांगितलं. ही म्हणाली, तो चष्मा लावत नाही. म्हणजे लावायला हवा, दुसरं काय.

१७ सप्टेंबर, सकाळी

मोठी बातमी. मालकांनी, म्हणजे नाटकाच्या निर्मात्यांनी, सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मालक मोबाइल काढणाऱ्या प्रेक्षकाला स्वतः बखोटीला धरून दारापर्यंत पोचवतात, त्यामुळे चौदा वर्षांत आमच्या नाटकाचा एक तुकडाही कुठे रेकॉर्ड झालेला नाही. आता एका चॅनलला नाटक दाखवायचंय. २५ ऑक्टोबरला तीन कॅमेरे लागणार. त्याआधी ४ तारखेला एकच कॅमेरा मागे ठेवून ट्रायल. आणि मुख्य दिवशी एक कॅमेरा खास क्लोजअपसाठी.

क्लोजअप! हा शब्द ऐकून मी दोन ग्लास पाणी प्यायलो. शेवटच्या रांगेतल्या मेहुण्यासारख्या माणसांनाही आता डोळे दिसतील.

मालक पुढे म्हणाले, चॅनलला त्यांच्या नव्या कॉमेडी शोसाठी आपल्या नाटकातला एक चेहरा कायमचा हवा आहे. एकच. म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. पाहुणा माझ्या शेजारीच उभा होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. पण माझ्याकडेच.

१९ सप्टेंबर

चॅनलवाले अभ्यासू प्रश्न विचारतील. तयारी म्हणून ग्रंथ लिहायला घेतला आहे: ‘तिरळा डोळा आणि हास्य’. पहिलं प्रकरण झालं. थोडक्यात असं की जगात कुठेही जा, सर्कशीतला विदूषक, जत्रेतला मुखवटा, मुलांच्या कार्टूनमधला डोक्यात हातोडा बसलेला बोका, सगळ्यांचे डोळे नाकाकडे वळलेले. ग्रुप फोटो काढायला उभे राहिलेले शहाणेसुरते इंजिनिअरसुद्धा शेवटच्या फोटोत डोळे तिरळे करतात. भाषा लागत नाही, शिक्षण लागत नाही. फक्त डोळे लागतात.

मोबाइलमध्ये एक पिवळं तोंड आहे. वेडेवाकडे डोळे, जीभ बाहेर. हिची बहीण प्रत्येक मेसेजला लावते. हे तोंड कुणी आणि कधी बनवलं? आमचं नाटक चौदा वर्षांपूर्वीचं आहे. चौकशी केली पाहिजे.

२२ सप्टेंबर

घरी प्रॅक्टिस. हिला खुर्चीत बसवलं, हातात कप दिला, डोळे तिरळे केले, दोन कपांच्या मधोमध ओतलं. पाणी हिच्या मांडीवर.

परत केलं. हिच्या चपलेत.

तिसऱ्यांदा ही खुर्चीत बसायलाच तयार नाही. कप टेबलावर ठेवून केलं. पाणी आजच्या पेपरवर, तेही शब्दकोड्यावर. हिने अर्धं सोडवलं होतं.

कारण उघड आहे. टेबल एका बाजूला कलतंय. शिवाय कलेला प्रेक्षक लागतात. मी हे सांगितलं तर ही म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. म्हणींनी कला कळत नाही.

२७ सप्टेंबर, संध्याकाळी ५

हिने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेले काही महिने माझं कपाळ दुखतं. दुखतं म्हणजे दुखत नाही, जड होतं. हिला उगाच सांगितलं.

बाहेर बाकावर एक सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळा थोडा आत वळलेला. माझ्यातला कलावंत गप्प बसेना. तिला हसवायला डोळे तिरळे करून दाखवले. तिची आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी लगेच सरळ केले. मुलगी हसली नाही. तिने विचारलं, काका, तुम्हाला पण वर्गात चिडवतात का? मी म्हटलं, नाही बाळ, मला टाळ्या वाजवतात. ती बराच वेळ विचार करत होती.

मुलगी हुशार आहे. पण प्रश्न विषयाला सोडून होता. ग्रंथात घेणार नाही.

डॉक्टर म्हणाले, स्नायूंवर ताण आहे, हे बंद करा. मी विचारलं, एक डोळा तिरळा आणि दुसरा पाहुण्यावर, असं जमेल का? डॉक्टर म्हणाले, कुठला पाहुणा? नंतर त्यांनी हिला आत बोलावून काहीतरी विचारलं. काय, ते ही सांगत नाही.

१ ऑक्टोबर

पेपरात नाटकावर लेख. ‘चहाच्या प्रसंगात दोन मुरलेल्या नटांची जुगलबंदी अजूनही ताजी आहे.’

दोन?

जुगलबंदी?

अकरा वेळा वाचलं. दोनच लिहिलंय.

४ ऑक्टोबर

आज ट्रायल. मागे एक कॅमेरा. खिळ्याला सांगून सेटवरच्या कपाटाला आरसा लावून घेतला, म्हणजे त्या आठ सेकंदांत पाहुणा आरशात दिसेल. योजना निर्दोष. फक्त एक लक्षात आलं नाही, तिरळ्या डोळ्यांना आरसेही दोन दिसतात. दोन्हींत धुकं.

हशा मात्र दणकून. पहिल्या रांगेतून तसा कमीच, मागून जास्त. मागच्यांना डोळे दिसत नाहीत असं मेहुणा म्हणतो. मग ते कशाला हसतात?

पडदा पडल्यावर पाहुण्याच्या बाहीवर चहाचे दोन थेंब दिसले. विचारलं. म्हणाला, आज जरा उशीर झाला रे. कशाला उशीर? तो हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेला. चोराच्या मनात चांदणं.

७ ऑक्टोबर, सकाळी

उलगडा झाला! सगळं जुळतं.

पाहुणा माझ्या आठ सेकंदांत माझ्यामागे तोंड वेडंवाकडं करतो. लोक त्याला हसतात. माझे लाफ तो खातो. चौदा वर्षं माझ्याच साबणाने तोंड धुऊन हा माणूस माझेच लाफ खातोय, आणि मी डोळ्यांचा भुगा करतोय! आता चॅनलला एकच चेहरा हवा म्हटल्यावर तर तो कॅमेऱ्यासमोर काय काय करेल.

काल रागाने जेवलोच नाही. म्हणजे नंतर जेवलो, पण चव लागली नाही. चौदा वर्षांत मला भाऊ नसल्याचं कधी जाणवलं नव्हतं ते याच माणसामुळे, म्हणून जास्त लागलं.

आज त्याच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. म्हणाला, जुनं दुखणं, आता अति झालंय. सोफ्यावर बसून कप धरणाऱ्याचं मनगट दुखतं! मी रोज दोन किलोची किटली उचलतो.

९ ऑक्टोबर

मालकांकडे गेलो. म्हटलं, २५ तारखेला तो असेल तर मी नाही. मालक म्हणाले, अहो कलाकार, तुमची तर जोडी आहे. म्हटलं, माझी जोडी माझ्या दोन डोळ्यांची. वाक्य तिथल्या तिथे सुचलं.

मालकांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, तसा तोही कालच रजा मागून गेलाय, मनगटासाठी. बघतो दुसरा कुणी.

बघा. मी आवाज चढवायच्या आधीच पळाला. निर्दोष माणूस रजा मागेल का?

१२ ऑक्टोबर

पाहुणा मेकअपरूममधलं त्याचं सामान न्यायला आला. कंगवा, चष्म्याची डबी, एक टॉवेल. साबण माझ्यासाठी ठेवला. म्हणाला, नवीन माणसाला चहाचा सीन मी दोन दिवस शिकवून जातो, अवघड आहे. मी म्हटलं, काही शिकवू नकोस. त्याने नुसतं धरून बसायचं. पाहुणा म्हणाला, नुसतं धरून? नक्की? म्हटलं, नक्की. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. म्हणाला, तू काहीतरी नवीन बसवलेलं दिसतंय. मी गूढ हसलो.

दारातून वळून म्हणाला, जप हां.

धमकी. तारीख-वार लिहून ठेवतो आहे.

१६ ऑक्टोबर

नवा पाहुणा आला. सिरीयलमध्ये चार वर्षं इन्स्पेक्टर होता. चेहरा हलतच नाही त्याचा. उत्तम. मला सर म्हणतो. सांगितलं, त्या आठ सेकंदांत तू पुतळा. कप दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, हलवायचा नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. त्याने विचारलं, सर, चहा गरम असतो का? म्हटलं, थंड. पण तुला काय करायचंय, थेंब बाहेर जात नाही.

तालमीत किटली रिकामीच असते, कार्पेट खराब होतं म्हणून. तालीम अप्रतिम झाली.

खिळा सारखा काहीतरी सांगायला येतोय. दादा, एक विचारू का, दादा, एक विचारू का. म्हटलं, २५ नंतर विचार. मधले सगळे प्रयोग मालकांनी रद्द केले आहेत, त्यामुळे डोळ्यांना विश्रांती. कपाळ हलकं वाटतंय. त्याचा डोळ्यांशी संबंध नाही.

२४ ऑक्टोबर

उद्याची तयारी. भाषण पाठ: ‘आज मी जो काही आहे तो माझ्या डोळ्यांमुळे.’ ही म्हणाली, पाहुण्यांना एक फोन करा की, उद्या नसणार ते, वाईट वाटत असेल. म्हटलं, मुळीच नाही. फोन हातात घेऊन थोडा वेळ बसलो होतो, पण ते वेळ बघायला.

२५ ऑक्टोबर, दुपारी ४

सगळी तिकिटं संपली. क्लोजअपचा कॅमेरा माझ्यापासून सहा फुटांवर. कॅमेरामनने नाकावर पावडर जास्त झाली म्हणून सांगितलं. म्हणजे नजर कुठे जाणार हे त्याला कळलंय.

२६ ऑक्टोबर, सकाळी ११

काल पावणेसात वाजता दुसरा अंक. किटली उचलली. डोळे तिरळे. दोन कप, मधोमध, ओतलं.

एक सेकंद. दोन. तीन.

हशा नाही.

येईल म्हणून थांबलो. ओतत राहिलो. थिएटर एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. खालून कुठून तरी पाणी कापडावर पडल्यासारखा आवाज येत होता. कुणीतरी खोकलं. मग एका लहान मुलाने मोठ्याने विचारलं, आई, ते आजोबा असं का करतायत? आई म्हणाली, शू.

आजोबा.

डोळे सरळ केले. किटली रिकामी. सिरीयलवाला कप दोन्ही हातांनी छातीशी धरून पुतळ्यासारखा बसला होता. कप कोरडा. त्याची पँट, सोफा, कार्पेट, सगळं ओलं. मी सांगितलं होतं म्हणून त्याने भुवईसुद्धा उचलली नव्हती.

उघड आहे की त्याने कप हलवला. ऐन वेळी बाजूला घेतला असणार. याला पाहुण्यानेच पढवून पाठवलंय. आत्ताच मालकांकडे जाऊन रेकॉर्डिंग मागतो. आता हाती पुरावा लागणार.

२६ ऑक्टोबर, दुपारी ३

मालकांनी लॅपटॉप समोर ठेवला. आधी कालचं. सिरीयलवाल्याचा कप तसूभर हललेला नाही. चहाची धार त्याच्या गुडघ्यावर. क्लोजअपमध्ये माझे डोळे. ते मी पहिल्यांदाच एवढे मोठे बघितले. बावीस सेकंद तिरळे ठेवले होते मी. कपाळावरची शीर दिसते. एक दमलेला म्हातारा माणूस हसू येण्याची वाट बघतोय, एवढंच दिसतं.

मग मालकांनी ४ तारखेची ट्रायल लावली. मागचा कॅमेरा, अख्खं स्टेज. मी बोटभर उंच, डोळे म्हणजे दोन ठिपकेसुद्धा नाहीत. तो बोटभर नोकर किटली तिरकी करतो आणि धार सरळ सोफ्याच्या हातावर सोडतो. आणि पाहुणा सोफ्यावर बसल्या बसल्या, चेहऱ्यावर बड्या घरचा पाहुणचार घेत असल्याचा आब तसाच ठेवून, मनगट असं काही फिरवतो की कप धारेखाली. मी किटली डावीकडे नेतो, कप डावीकडे. मी वर करतो, तो अर्धा उठतो. एकदा तर सोफ्याच्या मागून हात घालून झेलतो. थिएटर कोसळतंय. शेवटी मी डोळे सरळ करतो तेव्हा तो परत टेकून बसलेला असतो, भरला कप हातात, आणि मला मान डोलावून थँक्यू म्हणतो.

चार वेळा बघितलं. तिसऱ्या वेळी मला हसू आलं. खरोखरच विनोदी आहे.

चौथ्या वेळी आलं नाही. चौदा वर्षं रोज संध्याकाळी या माणसाने माझा चहा झेलला, आणि मी मालकांकडे जाऊन त्याला काढायला सांगितलं. लाज वाटली. द्यायला कारण शोधलं, सापडलं नाही.

मालक म्हणाले, कालचं चॅनलला दाखवता येणार नाही, पण ट्रायल त्यांनी बघितली आहे. त्यांनी विचारलंय, तो कपवाला कोण? तो द्या आम्हाला. निरोप कुणी सांगायचा, तुम्ही की मी? मी म्हटलं, मी. तोंडातून निघून गेलं.

२७ ऑक्टोबर

सकाळी पाहुण्याच्या घरी गेलो. रात्री भाषण तयार केलं होतं, त्यात ‘गैरसमज’ हा शब्द चार वेळा होता आणि ‘चूक’ एकदाही नव्हता. वाटेत दोनदा परत फिरलो. त्याचं मनगट बरं नाही, निरोप द्यायला विसरलो, तो घरी नव्हता, असं काय काय मालकांना सांगता आलं असतं.

तो खिडकीशी बसून मनगटाचे व्यायाम करत होता, रबरी चेंडू दाबत. वहिनींनी बिस्किटं आणली. म्हणाल्या, बरं झालं आलात, हे रोज तुमची आठवण काढतात.

भाषण विसरलो. सरळ सांगितलं, मी रेकॉर्डिंग बघितलं. मला माहीत नव्हतं.

पाहुणा म्हणाला, काय माहीत नव्हतं?

कप. तू कप फिरवतोस ते.

चेंडू दाबायचा थांबला. म्हणाला, माहीत नव्हतं म्हणजे? चौदा वर्षं? मग चेंडू खिडकीत ठेवून दिला. मला वाटलं आता घराबाहेर काढणार, आणि काढलं असतं तर मी गेलो असतो. पण तो एवढंच म्हणाला, अरे, मला वाटत होतं आपण मिळून करतो. तू मुद्दाम किटली इकडेतिकडे नेतोस, मला कोड्यात पाडायला. घरी येऊन मी हिला सांगायचो, आज गड्याने काय डावीकडे नेली!

मी मालकांचा निरोप सांगितला. चॅनलला एक चेहरा हवा होता, तो तुझा. पाहुणा म्हणाला, एकट्याचा? मी एकटा काय करणार, रिकामा कप धरून बसू? आणि वहिनींना हाक मारून त्याने हे परत मोठ्याने सांगितलं, जणू चॅनलवाल्यांनीच विनोद केलाय.

मी मान खाली घालून बिस्किट खात होतो. तेवढ्यात त्याने विचारलं, ए, पण तुझे डोळे कसे दिसतात रे?

कळलं नाही मला. तो म्हणाला, मी कधी बघितलेच नाहीत. मला किटलीच्या तोंडावरून नजर हलवता येत नाही ना. सगळे म्हणतात तू तिरळे करतोस. दाखव की एकदा. आज कप नाही माझ्या हातात.

खुर्ची पुढे ओढून बसला. वहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी डोळे तिरळे केले. समोर दोन पाहुणे, धुक्यात. मनात मोजलं. आठपर्यंत गेलो. आवाज काहीच आला नाही.

सरळ केले. पाहुणा हसत नव्हता. पुढे वाकून माझ्या कपाळाकडे बघत होता.

म्हणाला, दुखतं का रे?

मी म्हटलं, हो.